आईच्या बाजूची काच

१

गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून पाणी बघायचं, ही सवय मला बाबांनी लावली. इंजिन थंड असताना, किल्ली खिशात असताना. गाडीही बाबांचीच. बाबा गेले, गाडी राहिली. माझ्या बायकोहून ती या घरात जुनी, म्हणून बायको तिला ‘थोरल्या जाऊबाई’ म्हणते आणि तिच्या नावाने रोज बोटं मोडते.

पाणी म्हणजे खरं तर कूलंट. हिरवं, गोडसर वासाचं, इंजिन तापू नये म्हणून त्याच्या पोटातून सतत फिरत राहणारं. पण बाबा त्याला पाणीच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. त्याची एक पांढुरकी टाकी असते, तिच्यावर दोन रेघा असतात, आणि पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये असलं की आपण निश्चिंत मनाने निघायचं.

त्या सकाळी ते खालच्या रेघेच्याही खाली होतं.

माझं काम इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचं. ‘चालतेय ना, मग कशाला हात लावता’ असं म्हणणाऱ्यांशी दिवसभर हुज्जत घालायची. त्यामुळे संशय माझ्या अंगात मुरलेला. मी ताबडतोब जमिनीवर आडवा झालो आणि गाडीखाली डोकं घातलं. फरशी ठणठणीत कोरडी होती.

“काय रे, झोप आली का?” आईने आतून विचारलं.

ती तिच्या जागेवर, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, शाल लपेटून बसली होती. तिला असं बसलेलं बघणं हीच मुळात नवलाची गोष्ट होती. हृदयाच्या ऑपरेशननंतर ती अंथरुणाला खिळली होती, हातपाय बर्फासारखे गार. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून ‘मनाची तयारी ठेवा’ म्हणून सांगितलं होतं, आणि मी जिन्यात बसून लहान मुलासारखा रडलो होतो. मग एक दिवस तिने हट्टच धरला, मला एकदा गाडीतून फिरवून आण. बाहेर गारठा होता. मी हीटर लावला, तिने दोन्ही हात त्या गरम झोतासमोर धरले आणि कितीतरी वेळाने म्हणाली, “बरं वाटलं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवून आणलं. मग रोजच. हळूहळू ती उठून बसायला लागली, जेवायला लागली, सुनेच्या स्वयंपाकात चुका काढायला लागली. आता मी तिला रोज सकाळी व्यायामाच्या केंद्रावर सोडत होतो. ज्या डॉक्टरांनी हात टेकले होते, ते आता सगळ्यांना तिची गोष्ट सांगत फिरत होते.

मी टाकी भरली आणि निघालो.

२

दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा खाली.

गळती शोधायची एक रीत आहे. आधी सगळं पुसून कोरडं करायचं, मग बघायचं. मी रेडिएटर पुसला, पाण्याचा पंप पुसला, एकेक रबरी पाईप फडक्याने टिपून काढला. गाडीखाली भला मोठा पुठ्ठा अंथरला. बाबांचा नियम होता की गळणारी जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. नाहीतर माणूस चांगल्या गोष्टी खोलत बसतो.

पुठ्ठ्यावर एक ठिपकाही पडला नाही. पाणी मात्र कमी झालंच.

“पीत असेल गाडी,” बायको म्हणाली. “या वयात लागतंच जरा जास्त.”

मग मला काच दिसली. समोरची काच धुरकटत होती, पण फक्त आईच्या बाजूला. माझ्या बाजूने रस्ता लख्ख दिसायचा. आईसमोर मात्र ताटलीएवढा एक गोल पुसट व्हायचा. ती शालीच्या टोकाने तो पुसायची आणि तो परत यायचा. शिवाय तिच्या बाजूला तो गोडसर वास येत होता.

मी खूश झालो, कारण हे पाठ्यपुस्तकातलं लक्षण आहे. डॅशबोर्डच्या आत हीटरची एक छोटी जाळी असते. इंजिनाकडून एक पाईप तिच्यात गरम पाणी नेतो आणि दुसरा ते परत आणतो. जाळीला भोक पडलं की पाण्याची वाफ गाडीत येते, काच धुरकटते, पायाखालचा गालिचा ओला होतो. मी आईच्या पायाखाली हात घातला.

गालिचा कोरडा होता. आणि उबदार होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

“गुदगुल्या होतात रे,” आई हसली. मीही हसलो. हीटर चालू होता, उबदार असणारच.

३

माझ्या शाळेतल्या मित्राचं मागच्या गल्लीत गॅरेज आहे. शाळेत असतानाही त्याच्या खिशात पाना असायचा, म्हणून त्याचं नाव पाना पडलं आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते. केंद्रावरून परतताना मी गाडी तिथे नेली. आईला सावलीत खुर्ची दिली. इंजिन निवल्यावर पान्याने टाकीचं झाकण काढून तिथे हातपंप बसवला.

हा पंप साधाच असतो. तो आत हवा दाबतो आणि त्याच्यावर एक काटा असतो. कुठेही गळत असेल तर दाब उतरतो आणि काटा पडतो.

काटा हलला नाही. आम्ही त्याच्यासमोर गप्पा मारत उभे राहिलो, पान्याने दुसऱ्या एका गाडीचं चाक काढून परत बसवलं, तरी काटा जागचा ढिम्म.

“काही गळत नाही तुझ्या गाडीत,” पाना म्हणाला. “तुझ्याच डोक्यातून गळतंय काहीतरी.”

तेवढ्यात आई कंटाळली. खुर्ची टोचते म्हणाली आणि जाऊन गाडीत आपल्या जागेवर बसली. दार लागल्याचा आवाज आला.

काटा पडला.

सरळ पडला नाही. थोडा पडला, थांबला. पुन्हा थोडा पडला, थांबला. कुणी पेल्यातून घोट घोट घेत असावं तसा. मी पान्याकडे बघितलं. पान्याने काट्यावरच्या काचेवर टिचकी मारली. काट्याला त्याचं काहीच नव्हतं.

“काकू, जरा खाली उतरता का?” पाना म्हणाला.

आई कुरकुरत उतरली. काटा थांबला.

“वजनाने पाईप कुठेतरी दाबला जातोय,” मी म्हणालो. माझं डोकं असंच चालतं, लिफ्टमध्येही माणूस चढला की दोष दिसतो. पान्याला ते पटलं. तो स्वतः जाऊन सीटवर बसला, आणि पाना म्हणजे आईच्या दुप्पट ऐवज. काटा हलला नाही. त्याने बसल्या बसल्या उड्याही मारल्या. मग मी बसलो. मग आम्ही सीटवर जुनी बॅटरी ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली. काटा मख्खासारखा उभा.

“तुमचा खेळ झाला असेल तर मी बसू का आता?” आई म्हणाली.

ती बसली आणि काटा पुन्हा घोट घोट उतरायला लागला. पान्याने माझ्याकडे न बघता पंप काढून ठेवला.

४

तरी त्याने जाताना मला एक बाटली आणि एक निळा दिवा दिला. बाटलीत रंग असतो, तो पाण्यात मिसळायचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण या दिव्याखाली पिवळाधमक चमकतो. एक थेंबही कुठून निसटला असला तरी लपून राहत नाही.

मी रंग टाकला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी केंद्रावर फेरी झाली. त्या सकाळी तिथल्या नर्सबाई आईचं ब्लडप्रेशर घेत होत्या आणि मशीन सारखं चूक दाखवत होतं. दुसरं मशीन आणलं, तेही तेच. मग त्या मनगट धरून नाडी शोधत बसल्या.

“काकू, तुमची नाडी सापडतच नाही बघा,” त्या हसत म्हणाल्या. “लपवून ठेवलीत की काय?”

आईही हसली. तिचे गाल लाल होते आणि ती कोपऱ्यातल्या सायकलवर बसून पाय मारत होती. अशा बाईची नाडी सापडली नाही तर दोष मशीनचा, हे कुणीही सांगेल.

दुपारी आई झोपल्यावर मी दिवा घेऊन खाली गेलो. इंजिनात कुठेच काही चमकलं नाही. जाळीच्या झाकणापाशी नाही, सीटवर नाही, गालिच्यावर नाही. मग मला आईच्या चपला आठवल्या. गालिच्यावर काही सांडून चपलांनी पुसलं गेलं असेल तर ते तळव्यांना लागलं असणार. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. वर आलो, आईच्या खोलीचं दार हळूच लोटलं. पडदे ओढलेले होते. चपला पलंगाखाली नीट ठेवलेल्या. तळवे उलटे करून दिवा धरला. कोरे.

उठताना दिव्याचा झोत पलंगावर गेला.

आईचा हात पांघरुणाबाहेर लोंबत होता. मनगटापासून कोपरापर्यंत, कातडीच्या आत, पिवळ्या रेषा चमकत होत्या. जाड रेषा, त्यांना फुटलेल्या बारीक, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक. बाहीच्या आतून त्या वर गेल्या होत्या. गळ्याशी दोन होत्या. पापण्यांवर केसाएवढ्या होत्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“बंद कर तो दिवा,” आई डोळे न उघडता म्हणाली. “गार लागतं त्याने.”

मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. मग आठवलं की जीवनसत्त्वाच्या काही गोळ्या अशा दिव्याखाली चमकतात, कुठेतरी वाचलं होतं. आई त्या घेते. मी बाटली शोधली, गोळ्या हातावर काढल्या, दिवा धरला, आणि खरंच, त्या चमकल्या! माझ्या जिवात जीव आला. त्याच गोळ्या बायकोही घेते. ती भाजी चिरत होती. मी तिचा हात ओढून त्याच्यावर दिवा धरला.

“हे काय नवीन?” ती म्हणाली.

तिचा हात नुसता निळसर दिसत होता. आत काहीही नव्हतं.

५

बायकोला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी केंद्रावरून सरळ पान्याकडे गेलो आणि त्यालाही फक्त एवढंच म्हणालो की रंग सापडला नाही.

“मग आता शेवटचं,” पाना टाकीवर पंप पुन्हा बसवत म्हणाला. “हीटरकडे जाणारा पाईप चिमट्याने दाबून बंद करतो. काकू बसू देत आतच. काटा पडायचा थांबला तर जाळीच खराब आहे. मग दोन्ही पाईपांची तोंडं एकमेकांना जोडून टाकू, हीटर गेला उडत.”

ठीकच होतं. कुठल्याही गॅरेजमध्ये हेच करतात. मी मान हलवली. मला वाटत होतं की एकदा हे रीतसर तपासून झालं की काल दुपारचं सगळं आपोआप खोटं ठरेल.

बॉनेट वर असल्यामुळे आई दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. उघड्या खिडकीतून ती पान्याला त्याच्या लहानपणीची गोष्ट ऐकवत होती.

“तू आणि हा, दोघं आमच्या गच्चीवर चढलात, आणि ह्याचे बाबा खालून ओरडतायत, आणि तू म्हणतोस, काका, मी नाही, मी तर फक्त शि—”

पान्याने चिमटा दाबला होता.

मी वाट बघितली. माणूस बोलता बोलता श्वास घ्यायला थांबतो. शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तेही थांबलं. मी बॉनेटच्या कडेने वाकून पाहिलं.

आई बसली होती. तोंड त्या अर्ध्या शब्दावर उघडं. एक हात सांगण्याच्या भरात वर उचललेला, बोटं पसरलेली. डोळे उघडे आणि माझ्यावर रोखलेले, पण ते मला बघत नव्हते. समोरच्या काचेवर तो पुसट गोल होता. तो वाढत नव्हता आणि विरतही नव्हता.

“काढ!” मी किंचाळलो. “काढ, काढ तो चिमटा!”

पाना दचकला. चिमटा सुटला.

“—डी धरून उभा होतो,” आई म्हणाली आणि खळखळून हसली. उचललेला हात मांडीवर आपटला. मग तिने माझ्याकडे बघितलं. “तुला काय झालं रे? एवढा पांढरा का पडलायस?”

मी दार उघडून तिचं मनगट धरलं. उबदार होतं, मऊ होतं. मी बोटं दाबून धरली, सरकवली, पुन्हा दाबली. गळ्याशी लावून बघितली. आत काहीच हलत नव्हतं. माझं स्वतःचं काळीज कानांत धडधडत होतं आणि माझ्या आईच्या हातात शांतता होती.

“इकडे ये,” पाना पुढून म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. त्याने तळहात हीटरच्या पाईपावर ठेवला होता. “इंजिन बंद आहे ना?”

“किल्ली माझ्या खिशात आहे.”

“मग हे काय आहे?”

मी त्याच्या हाताशेजारी हात ठेवला. रबर उडत होतं. हळू, एकसारखं, दोन ठोके आणि मध्ये उसंत, दोन ठोके आणि उसंत.

पान्याने हात काढला, फडक्याला पुसला, पुसतच राहिला. “तुझी गाडी घेऊन जा,” तो म्हणाला. “आणि परत इथे आणू नकोस, तुला हात जोडतो.”

६

मी गाडी कुणाकडेही नेली नाही. हो, मला हे बरोबर आहे की चूक आहे ते माहीत नाही, आणि मला ते माहीत करूनही घ्यायचं नाही. मला आई हवी आहे. जिन्यात बसून मी एकदा रडून घेतलंय, पुन्हा रडायची माझी तयारी नाही. मी रोज टाकी भरतो, आई रोज गाडीत बसते. गाडी घरी उभी असते आणि आई वर, तेव्हाही ती चालते, बोलते, सुनेशी भांडते. कसं, ते मी विचारत नाही. आयुष्यभर लोकांना ‘चालतेय तरी तपासा’ म्हणत आलो, आता माझ्याच घरात ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता’ म्हणतो.

आज सकाळी नेहमीसारखं बॉनेट उघडलं. किल्ली खिशात. आई आपल्या जागी बसलेली. टाकीकडे बघण्याआधी मी हीटरच्या पाईपावर हात ठेवला, आता तीच सवय झाली आहे. ठोके लागत होते. आणि हाताला ओलं लागलं.

मी वाकलो. पाईप जिथे आत शिरतो, तिथल्या क्लिपजवळ रबर फुगलं होतं आणि त्याला चीर पडली होती. नखाएवढी. प्रत्येक ठोक्याला ती जराशी उघडत होती, तिच्यात एक थेंब धरत होता आणि खाली पडत होता. कोमट होता. अखेर गळती सापडली होती, स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. फक्त थेंब हिरवा नव्हता.

मी अंगठा त्या चिरेवर दाबून धरला.

हा पाईप बाबांच्या वेळचा. इतकं जुनं रबर आवळलं तर चीर वाढते. ओल्यावर टेप धरत नाही. तो बदलायलाच हवा, पोरखेळ आहे, दोन क्लिपा सोडवायच्या आणि नवा बसवायचा. पण नवा बसवायचा तर जुना आधी काढावा लागतो.

“सापडली का रे गळती?” आईने आतून विचारलं.

“सापडली.”

“मग कर की बंद, आणि चल. उशीर होतोय.”

खिडकीतून बायकोने हाक मारली, काही हवंय का म्हणून. अंगठ्याखाली ठोके जरा घाईने पडायला लागले होते. आई वैतागली की असंच होतं, हे मला आत्ता कळत होतं. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी कोमट ओल मनगटाकडे उतरत होती.

“अरे, ऐकतोयस ना?” आई म्हणाली. तिने बसल्या जागेवरून हात लांब करून हॉर्न वाजवला.

“आलो,” मी म्हणालो, आणि दुसरा हातही पाईपावर ठेवला.